एन-४०० ऑनलाइन भरला: तीन वर्षांचा पर्याय की पाच वर्षांचा, माझा अनुभव

यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर सिटिझनशिपचा अर्ज (एन-४००) स्वतः भरला, वकील न लावता, तेव्हापासून ओळखीच्या बऱ्याच जणी विचारतात की कसं आहे, आपलं आपल्याला जमतं का, आणि लग्नावर ग्रीन कार्ड मिळालंय तर सुरुवातीला कुठला पर्याय टिक करायचा. म्हणून सविस्तर लिहितेय.

साइट खरंच चांगली आहे. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर भरलात तर ७६०, एप्रिल २०२४ पासून हेच रेट आहेत आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे, फोटो) वेगळे पैसे नाहीत. उत्पन्न कमी असेल तर ३८० ची सवलत मागता येते, ती आपल्याला लागू आहे का ते आधी बघा. फॉर्म आपोआप सेव्ह होत राहतो, फक्त ३० दिवस त्याला हातच लावला नाही तर ड्राफ्ट उडतो. पैसे भरले की रिसीट अकाउंटमध्ये येते, पुढच्या नोटिसाही तिथेच दिसतात, पोस्टाच्या डब्याकडे डोळे लावून बसावं लागत नाही. माझे पाचपैकी चार स्टार. एक कापला तो एलिजिबिलिटीच्या, म्हणजे कुठल्या नियमाखाली अर्ज करताय ते विचारणाऱ्या पानासाठी.

त्या पानावर पर्यायांची यादी येते, एकच निवडायचा. ग्रीन कार्डला पाच वर्षं झालेल्यांचा जनरल, सिटिझन नवरा किंवा बायको असलेल्यांचा तीन वर्षांचा, जोडीदाराकडून छळ झालेल्यांसाठी व्हावा कायद्याचा, जोडीदार सरकारी वगैरे कामावर परदेशी असेल त्यांचा, मिलिटरीचा. प्रत्येकापुढे थोडीशी माहिती आहे, पण ही टिक केली की पुढे काय काय दाखवावं लागणार आणि शपथेपर्यंत कशाला बांधले जाणार, हे तिथे कळत नाही. आणि माझ्या मते सगळ्या अर्जात विचार करण्यासारखी जागा तीच आहे, बाकी नाव पत्ता नोकऱ्या हे काय कोणीही भरेल.

लग्नावर ग्रीन कार्ड आलं म्हणजे तीन वर्षांचा रूल आपोआप लागू, असं खूप जणांना वाटतं. तसं नाहीये. ग्रीन कार्डला तीन वर्षं व्हायला हवीत, त्या तीन वर्षांत त्याच जोडीदाराबरोबर एकत्र राहात असायला हवं, आणि तो जोडीदार ती पूर्ण तीन वर्षं सिटिझन असायला हवा. नवरा गेल्या वर्षी सिटिझन झाला असेल तर लग्नाला दहा वर्षं झाली असली तरी चालत नाही. उलट तुमचं ग्रीन कार्ड नोकरीवर आलेलं असलं तरी बाकीच्या अटी बसत असतील तर हा रूल वापरता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड असेल तर तीही दोन वर्षं मोजली जातात. मी आधी एका फॉर्म भरून देणाऱ्या सर्व्हिसकडे चौकशी केली होती, नाव घेत नाही, त्यांनी लग्नावरचं कार्ड ऐकलं आणि लगेच तीन वर्षांचा पर्याय सांगून मोकळे, नवरा सिटिझन कधी झाला हे विचारलंसुद्धा नाही. अशांना पैसे देऊ नका.

प्रवासाचा हिशोब दोन्हीकडे वेगळा. तीन वर्षांत निदान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत, पाच वर्षांत ३०. तो बहुतेकांचा बसतो, अडतं ते एकाच मोठ्या ट्रिपवर. बाळंतपण, आईचं आजारपण, असं काही निघतं आणि भारतात सहा महिन्यांच्या वर मुक्काम होतो, मग अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं आणि नाही तुटलं हे कागदांनी तुम्ही दाखवायचं, इथलं घर, भाडं, नोकरी, टॅक्स. वर्ष किंवा जास्त झालं तर तुटलंच, आणि री-एंट्री परमिट होतं म्हणून वाचलो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ते परत येताना ग्रीन कार्डासाठी असतं, सिटिझनशिपच्या मोजणीला ते पुरत नाही. फॉर्ममध्ये प्रत्येक ट्रिपच्या जाण्यायेण्याच्या तारखा भराव्या लागतात, मी पासपोर्टचे शिक्के आणि जुन्या ईमेलमधली तिकिटं समोर ठेवून बसले, कारण शिक्के काही ठिकाणी इतके पुसट की महिना कुठला तेच कळेना.

मी तीन वर्षांचा घेतला. मुख्य कारण आईबाबा. ग्रीन कार्डवर आईवडिलांना स्पॉन्सर करताच येत नाही, सिटिझन झाल्यावर करता येतं आणि त्यांच्यासाठी कोट्याची रांगही नाही, म्हणून दोन वर्षं लवकर होणं माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. पण त्याची किंमत म्हणजे कागद. नवऱ्याचा सिटिझनशिपचा पुरावा, मॅरेज सर्टिफिकेट, तीन वर्षांचे आयआरएसचे (टॅक्स खात्याचे) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, दोघांच्या नावचं लीज, जॉइंट अकाउंट, इन्शुरन्स. सर्टिफिकेट नुसतं मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, त्यावर भाषांतर करणाऱ्याचं सहीसकट निवेदन हवं. इंटरव्ह्यूला ऑफिसरने लीजवरच्या दोन सह्या बघितल्या, मग आधीच्या घराचंही लीज मागितलं, मी दोन्ही नेली होती म्हणून तिथल्या तिथे मिटलं.

ज्यांचं आय-७५१, म्हणजे दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड पक्कं करण्याचा अर्ज, अजून अडकलंय त्यांनी नीट वाचा. एन-४०० भरता येतो, पण आय-७५१ चा निकाल लागल्याशिवाय एन-४०० मंजूर होत नाही, कधी कधी दोन्हीचा इंटरव्ह्यू एकत्र घेतात, तेव्हा नवऱ्यालाही बरोबर न्या. पाच वर्षांचा पर्याय घेतला म्हणून आय-७५१ टळत नाही, ही एक फार पसरलेली चुकीची समजूत आहे.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. तीन वर्षांच्या रूलमध्ये शपथ घेईपर्यंत लग्न टिकलेलं असावं लागतं, त्याआधी घटस्फोट झाला तर तो अर्ज गेला. पाच वर्षांच्या रूलमध्ये तुम्ही एकट्याच्या पायावर उभ्या असता, घटस्फोट झाला म्हणून अर्ज फेटाळत नाहीत. घरात ताण असेल तर कृपा करून केवळ तारखेसाठी दिवस ढकलत राहू नका. घटस्फोटानंतर आय-७५१ एकटीनेही भरता येतं, त्याची सोय कायद्यात आहे. आणि सिटिझन नवऱ्याच्या छळामुळे ग्रीन कार्ड मिळालेल्यांना तीन वर्षांचाच रूल मिळतो, त्याच्याबरोबर राहण्याची अट न लावता. अशा मुली माझ्या ओळखीत आहेत ज्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, सासरचे तर सांगणार नाहीतच.

पाच वर्षं व्हायला काही महिनेच उरले असतील तर माझं स्पष्ट मत, थांबा आणि जनरल भरा, संसाराची अख्खी फाईल उघडून दाखवायची गरज नाही. लग्नाचे कागद तरी बरोबर ठेवाच, कार्ड लग्नावर मिळालेलं असेल तर ऑफिसर त्याबद्दल विचारू शकतो. ग्रीन कार्डची वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज टाकता येतो, दोन्ही रूलमध्ये, फक्त तीनवाल्यांची लग्नाची तीन वर्षं अर्ज टाकतानाच पूर्ण हवीत. तारखेसाठी साइटवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात घालून बघा, आणि अर्ज एक दोन दिवस उशिराच टाका, अगदी कडेवर नको.

अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यावरची टेस्ट दोन्हीकडे तीच. २० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांतले २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. कधी अटक झाली असेल, टॅक्स भरायचा राहिला असेल, किंवा चुकून मतदार यादीत नाव गेलं असेल तर मात्र स्वतः भरू नका, वकिलाकडेच जा. बाकीच्यांनी अर्ज गेल्यावरही अकाउंट उघडत राहा, नवीन लीज किंवा नवीन वर्षाचा टॅक्स आला की तिथेच अपलोड करता येतो, मी तसंच केलं.