कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्याने कोणता पेपर घ्यावा: भौतिक विज्ञान की खगोलशास्त्र?

२०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा खुला वैकल्पिक विषय घ्यावा लागतो. प्रवेशाच्या दिवसांत गावातली धाकटी मुले माझ्याकडे येऊन विचारतात, की भौतिक विज्ञानाची ओळख बरी की खगोलशास्त्राची. लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकत असताना मी पहिल्या सत्रात भौतिक विज्ञान घेतले आणि दुसऱ्या सत्रात खगोलशास्त्र, त्यामुळे दोन्हींबद्दल थोडेफार सांगता येईल. क्रेडिट आणि गुणांची विभागणी परिपत्रकात असतेच.

भौतिक विज्ञानाची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी मुळीच नाही. स्पर्धा परीक्षेच्या सामान्य विज्ञानाला त्याचा थेट उपयोग होतो. शेतातली ५ अश्वशक्तीची मोटार म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट, म्हणजे मोटारीतला तोटा न धरताही तासाला जवळपास पावणेचार युनिट, हा हिशेब मला त्याच वर्गात पहिल्यांदा नीट कळला. वडिलांनी तो मान्य केला, आमची थ्री फेजची पाळी मात्र रात्रीचीच राहिली.

माझे मन उडाले ते प्रयोगाच्या तासाला. एका लंबकाभोवती आम्ही अकरा जण उभे होतो आणि स्टॉपवॉच एकच होते. दोरी १ मीटर, आंदोलने २०. माझ्या मोजणीत ४३ सेकंद आले आणि त्यावरून गुरुत्व त्वरण निघाले ८.५४. ते ९.८ च्या आसपास यायला हवे हे मलाही ठाऊक होते, आणि त्यासाठी वेळ ४० सेकंदांच्या जवळ यायला हवी होती, हेही उलट गणित करून समजले. आंदोलने मोजताना मी एक जास्त सोडले असेल किंवा बटण उशिरा दाबले असेल. ते शोधण्याची माझी तयारी होती, पण जर्नल ‘दुरुस्त करून’ आणायला सांगण्यात आले. दुरुस्त करणे म्हणजे आदल्या वर्षीच्या जर्नलमधले रीडिंग उतरवणे. अकराही जणांचे उत्तर दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत सारखे आले आणि अकराही जर्नलांवर सही झाली. सगळीकडे असेच चालत असेल असे मी म्हणणार नाही. चांगली प्रयोगशाळा आणि लहान तुकडी असेल तर हाच पेपर वेगळा वाटू शकेल. मला मात्र ती सही आजही खुपते.

खगोलशास्त्राच्या वर्गात यंत्रांची चैन नव्हतीच. कोनमापक, स्ट्रॉ, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला एक नट एवढ्या सामानावर ध्रुवताऱ्याची उंची मोजायची होती. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका त्या ठिकाणचा अक्षांश. लातूरला तो १८.४ च्या आसपास, म्हणजे हात लांब करून धरलेल्या जवळजवळ दोन मुठी. घराच्या माळवदावरून मी मोजले ते २१ आले. सरांनी खोडले नाही, बाजूला लाल शाईने लिहिले: ‘२.६ अंशांची चूक. कारणे शोधा.’ मग कळले की ध्रुवतारा स्वतःच खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश दूर असल्यामुळे थोडी चूक त्याच्या पदरात घालता येते, उरलेली वाऱ्याने हलणाऱ्या दोऱ्याची आणि माझी. चुकलेला आकडा वहीत तसाच राहिला आणि त्याच पानावर मला गुण मिळाले.

दुसरी गोष्ट अशी, की या विषयाला आपण कोऱ्या पाटीने जात नाही. मृग निघाला की पेरणीची घाई, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते; पण जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असल्याने मृग त्या दिवसांत दिसत नाही आणि जानेवारीत संध्याकाळी डोक्यावर येऊ लागतो, हे मी विसाव्या वर्षी शिकलो. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते, हे कळल्यावर पंचांगातली क्षयतिथीही उलगडली. शिवाय गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची ४-४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. तिच्याविषयीची बातमी निदान समजून वाचता येते.

गणिताची भीती दोन्हीकडे सारखीच समजावी. ग्रहाच्या अंतराचा घन आणि फेरीच्या वर्षांचा वर्ग सारखा येतो, हा केप्लरचा नियम आम्ही गुरूवर ताडून पाहिला: गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर, ५.२ चा घन १४०.६ आणि त्याच्या ११.८६ वर्षांच्या फेरीचा वर्गही जवळपास तितकाच. यापलीकडे आम्हाला फारसे काही करावे लागले नाही.

अडचणी आहेत. निरीक्षण रात्रीचे असते, आणि खेड्यावरून ये-जा करणाऱ्यांची, विशेषतः मुलींची, शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते. घरून निरीक्षण चालते का, हे आधीच विचारून ठेवावे. खगोलशास्त्र कोणत्या सत्रात आहे, हेही पाहावे. जूनपासून सुरू होणाऱ्या सत्रात आभाळ भरलेले असते, आणि पाऊस न पडणाऱ्या वर्षीही ढग मात्र येतातच. तुमच्याकडे ते पहिल्याच सत्रात असेल, तर आधी भौतिक विज्ञान उरकून घेण्यात शहाणपण आहे. जर्नल माझ्याकडे मागू नका. ती पुढच्या तुकडीतल्या कोणीतरी उतरवायला नेली, ती परत आलेली नाही.