रंग नवा, पाटे जुने

ताडोबात जिप्सी चालवून पोट भरणाऱ्यांसाठी हे मुख्यतः लिहितोय. पण जुनी थार, बोलेरो, पिकअप, जे काही पाट्यांवर, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर (लीफ स्प्रिंग) चालतं आणि मागे वजन भरून कच्च्या रस्त्याला जातं, त्यांनीही वाचायला हरकत नाही. गेल्या हंगामाच्या तोंडावर नागपुरात मागच्या पाट्यांच्या जोडीत मी 16,500 रुपयांना फसलो. वर शॉकअपचे 5,200 गेले ते वेगळे. दुकानाचं नाव लिहीत नाही. हातात पक्कं बिल नाही, आणि ते का नाही तेही सांगतो, कारण तिथंच अर्धी फसवणूक होती.

आधी गाडीवरचा भार सांगतो. सहा पर्यटक, एक गाईड आणि मी. माणशी 65 किलो धरले तरी 520 झाले. त्यात उंच सीटांचा लोखंडी सांगाडा, कॅमेऱ्यांच्या पेट्या, पाणी. गाईड आणि मी तेवढे पुढे, बाकी सगळं मागच्या चाकांच्या डोक्यावर. रस्ता म्हणजे मुरूम, खड्डे आणि नाले. मंगळवारी जंगल बंद असतं, तेवढीच गाडीला सुट्टी. जिप्सीची चारही चाकं पाट्यांवर, त्यामुळे पाटे बसले की धंदा बसला. माझे बसलेच होते. सहा जण चढले की मागचं बंपर वाकून नमस्कार करायचं आणि प्रत्येक खड्ड्याला एक्सल आणि चॅसिसमधलं धक्क्याचं रबर ठण्णकन लागायचं.

2019 पासून नवी जिप्सी आपल्याला विकत मिळत नाही. गाड्या मात्र जंगलात धावतातच आहेत, म्हणून सुट्या भागांचा सगळा बाजार जुन्यावर, भंगारावर आणि ‘आर्मीचा माल’ या दोन शब्दांवर चालतो. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असताना सगळे गाड्या उघडतात. सप्टेंबरात मीही नागपूर गाठलं.

दुकानदार बोलायला गोड. "भाऊ, हे पाटे आर्मीचे, हेवी ड्युटी. तीनशे किलो जास्त टाका, हलणार नाही." काळाकुळकुळीत रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत छापलेला कसलासा नंबर. मी वाकून बघितलं, हात फिरवला, मान डोलावली. खरं सांगायचं तर मी रंगच बघत होतो. त्याच्याच पोरांनी दोन तासांत पाटे चढवले. आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत 41 सेंटिमीटर होते, आता टेप लावली तर 47. सहा सेंटिमीटर वर! गाडी अशी ताठ उभी राहिली की मी तिथंच फोटो काढून गेटवरच्या पोरांना पाठवला.

"पक्कं बिल पाहिजे तर तीन हजार वर लागतील, भाऊ." मी नको म्हटलं. पैसे फोनवरून पाठवले ते दुकानाच्या खात्यात नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर गेले. कागदावर पेनाने लिहून दिलं, ‘जिप्सी पाटे 2 सेट’. आणि जुने पाटे? "इथंच ठेवा, दोन हजार कमी करतो." मी खूश. 16,500 हा आकडा ते दोन हजार वजा करून झालेला. माझे ते जुने पाटे आज काळा रंग आणि पांढरे नंबर लावून कुणाच्या गाडीखाली बसलेत, हा विचार आजही मधूनच येतो.

ऑक्टोबरात कोअर उघडला. पहिले दहा-बारा दिवस छान गेले, रिकाम्या गाडीत तर फारच. भरल्यावर मात्र गाडी होडीसारखी डुलायची. तिसऱ्या आठवड्यात रबर पुन्हा लागायला लागलं आणि उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर खाली आली. फोन केला तर दुकानदार म्हणाला, "पाट्यांना काही नाही झालं. शॉकअप गेलेत तुमचे. नवे टाका, गाडी उचलेल." मी टाकले. 5,200 रुपये. गाडी तसूभर उचलली नाही.

उचलणारच नव्हती. साध्या शॉकअपचं काम पाट्याची उसळी शमवण्याचं. उभ्या गाडीचं वजन तो पेलत नाही, ते पाट्यांनीच पेलायचं. इतकी वर्षं गाडी चालवून मला हे माहीत नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत गाड्या भरून येतात. सकाळच्या फेरीला पुण्याचं एक कुटुंब होतं, सोबत सत्तरीच्या आजी. एका नाल्यात उतरलो, पुढची चाकं वर चढली आणि मागून खाडकन आवाज आला. गाडी उजवीकडे कलली आणि चाक मडगार्डला घासून थांबलं. मुख्य पाटा (सगळ्यात वरचा, लांब) पुढच्या बुशाजवळ, म्हणजे तो चॅसिसला अडकतो त्या टोकाच्या गोलाजवळ, तुटला होता, त्यामुळे त्या बाजूने एक्सल मागे सरकलेला. गाडीतून उतरायचं नाही हा जंगलाचा नियम. आजींनी शांतपणे विचारलं, "इथं वाघ असतो का हो?" गाईड म्हणाला, "त्याच्यासाठीच तर आलात, आजी." मागून दुसरी जिप्सी येईपर्यंत पाऊण तास गेला. कुणाला काही झालं नाही. पण तोच पाटा तासाभरापूर्वी डांबरी रस्त्यावर, वेगात तुटला असता तर काय, हे मी त्या दिवशी घरी कुणाला सांगितलं नाही.

गाडी ओढून चंद्रपूरला एका जुन्या पाटेवाल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांना सगळे काकाजी म्हणतात. त्यांनी सेंटर बोल्ट काढला, पाटे एकेक करून जमिनीवर मांडले, रॉकेलच्या बोळ्याने रंग पुसला आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"हे बघ," शेवटी म्हणाले. पाट्यांच्या पोटाला खाचा होत्या. खालच्या पाट्याचं टोक वर्षानुवर्षं घासून पडतात तशा. म्हणजे पाटे नवे नव्हतेच, झिजलेले होते. दोन पाटे तर दुसऱ्याच कुठल्या गाडीचे, लांबीला कापून बसवलेले. कापलेली टोकं ओबडधोबड, गॅसने कापलेली. मुख्य पाट्याचा बुशाचा गोलही गॅसने तापवून नव्याने वळवलेला, आणि तुटला तो बरोबर तिथूनच. स्प्रिंगचं पोलाद तापवून तसंच सोडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा आणि लवचीकपणा, उतरतं. ते पुन्हा नीट चढवायचं तर ठरावीक उष्णतेला तापवून तेलात बुडवावं लागतं, मग परत मंद आचेवर आणावं लागतं. तेवढा खटाटोप रंग मारणारा कशाला करेल? उरलेल्या पाट्यांना थंडच हातोड्याने कुटून कमान चढवली होती. ती कमान म्हणजे माझे सहा सेंटिमीटर. अशी कमान भाराखाली परत बसते, आणि ती बसली.

मग त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर आणला. माझे पाटे जागोजागी वेगवेगळ्या जाडीचे भरले, बहुतेक पातळच. इथं काकाजींनी जे सांगितलं ते मी कायमचं लक्षात ठेवलंय. पाट्याचा जोर जाडीच्या घनाने वाढतो. समजा 6 मिलिमीटरच्या पाट्याजागी कुणी तेवढ्याच लांबी-रुंदीचा 5 चा दिला. डोळ्याला फरक दिसत नाही, पण जोर राहतो जेमतेम 58 टक्के. उलट 6 चा 7 केला तर जोर दीडपटीच्या वर जातो. मग ‘आठ पाट्यांचा सेट’ म्हणून नुसते पाटे मोजण्याला काय अर्थ?

त्यांनी अंगणात आणखी एक गंमत करून दाखवली. पाटा तुटण्याआधी शॉकअपच्या भानगडीत मी माप घेतलं होतं: रिकामी 42, भरलेली 31. म्हणजे माणसं बसली की गाडी 11 सेंटिमीटर खाली जात होती. काकाजींनी कंपनीचेच पाटे असलेली एक जिप्सी बोलावली आणि तिच्यात गल्लीतली आठ पोट्टी बसवली. पोट्टी धडधाकट होती, माझ्या पर्यटकांपेक्षा जडच. ती गाडी 7 सेंटिमीटर खाली गेली. "तू उंची विकत घेतली," काकाजी म्हणाले, "जोर नाही घेतला." रिकामी गाडी किती वर उभी राहते हे कमानीवर ठरतं. भरल्यावर किती खाली बसते हे जाडी, रुंदी, लांबी आणि पाट्यांच्या संख्येवर. दुकानात गाडी रिकामीच असते, आणि विकणाऱ्याला ते बरोबर ठाऊक असतं.

म्हणून आता पाटे घ्यायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: जाण्याआधी आपल्या गाडीचं माप रिकामी असताना घ्या आणि नेहमीचा भार टाकून घ्या, चारही चाकांना. नवे पाटे चढले की दुकानदारासमोरच भार टाकून परत मोजा. माणसं नसतील तर पाण्याचे कॅन चालतात. 20 लिटरचे 20 कॅन म्हणजे पाण्याचेच 400 किलो, त्यात हुज्जत घालायला जागा नाही. जो दुकानदार याला नाही म्हणेल, त्याचा चहा पिऊन निघा. पाटे चढण्याआधी सुटे करून मागा, पोटाला खाचा आहेत का बघा, टोकांच्या आणि भोकांच्या कडा गॅसने कापल्यासारख्या ओबडधोबड आहेत का बघा. व्हर्नियर बाजारात काहीशे रुपयांना मिळतो. आणि जुने पाटे घरी आणा. ते तुमचे आहेत, शिवाय तुलनेला तेच कामाला येतात.

उलटं टोकही नको. आमच्यातल्या एकाने वैतागून दोन जाड पाटे वाढवले. भरलेली गाडी मस्त, पण रिकामी परत येताना मुरमाच्या लाटांवर मागची चाकं टप्पे खात होती आणि सहा महिन्यांत शॅकलजवळ (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीजवळ) चॅसिसला तडा गेला. आमच्या गाड्या अर्धा दिवस रिकाम्या, अर्धा दिवस खचाखच. अशांना हेल्पर बरा. सगळ्यात खालचा जवळजवळ सरळ पाटा, जो भार आल्यावरच कामाला लागतो. काकाजींनी मला तेच करून दिलं, 19,000 रुपयांत, पक्क्या बिलासकट, बिलावर प्रत्येक पाट्याची जाडी लिहून. रिकामी 43, भरलेली 37.

दुकानदाराकडे तुटलेल्या पाट्याचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "ओव्हरलोड केलं तुम्ही." तीनशे किलो जास्तीची हमी तोंडी होती. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, त्यांनी तक्रार लिहून घेतली. ओळखीच्या वकिलाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे देतो, कारण आपल्यातले बरेच जण ‘गाडी धंद्याची, मग आपण कसले ग्राहक’ म्हणून गप्प बसतात. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर 2019 च्या कायद्यात आपण ग्राहकच आहोत. आणि तक्रार दुकानाच्या गावी नाही, आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण पुरावा म्हणून माझ्याकडे एक पेनाने लिहिलेला चिटोरा आणि तिऱ्हाइताच्या नावाची पावती. वाचवलेले तीन हजार तिथं आडवे आले. कागद जमवतोय, बघू.

तुटलेला पाटा बरेच दिवस गोठ्यात पडून होता. गावचा लोहार बघून गेला आणि मागायला आला. पोलाद मुळात चांगलं आहे म्हणाला, मरेपर्यंत वापरलंय एवढंच. त्याने ते तापवून, ठोकून, पाणी देऊन दोन विळे केले. धान कापायला आईने तेच वापरले. धार टिकते म्हणते. लोहाराने 150 रुपये घेतले.