पंख्याचा गॅस हीटर : रचना सरळ, पण बिघाडाबाबत मुका

आमच्या वर्कशॉपमध्ये एलपीजीवर चालणारा, आपोआप पेटणारा पंख्याचा हीटर वापरात आहे. उष्णता देण्यात तो कमी पडत नाही, त्यामुळे त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. असे यंत्र विकत घेताना सहसा कोणी विचारत नाही तो प्रश्न वेगळाच असतो : ते पेटेनासे झाले, तर दोष शोधणाऱ्याला ते कितपत साथ देते? या कसोटीवर हीटरची रचना मला चांगली वाटली. मात्र दोष कळवण्याची त्याची व्यवस्था अगदीच तोकडी आहे.

रचना चांगली म्हणण्याचे कारण तिचा ठरलेला क्रम. बटण दाबल्यावर आधी पंखा फिरतो, हवेचा झोत पुरेसा असल्याची खात्री एअर स्विच करतो, मग ठिणगी सुरू होते, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी वायूची झडप) ‘टक्’ आवाज करून उघडतो आणि ज्योत दिसते. काही सेकंदांत ज्योतीची जाणीव झाली नाही, तर कंट्रोल बॉक्स वायू बंद करून लाल दिवा लावतो. हा क्रम डोळ्यांनी आणि कानांनी टिपता येत असल्यामुळे, तो कुठे अडला हे नीट पाहिले की निम्मा शोध मल्टिमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारे मीटर) हातात घेण्यापूर्वीच संपतो. पंखा फिरतो पण ठिणगी नाही, तर एअर स्विच, अतिउष्णतेचा स्विच आणि ट्रान्सफॉर्मर तपासावेत. ठिणगी आहे पण ‘टक्’ ऐकू येत नाही, तर व्हॉल्व्हच्या कॉइलपर्यंत व्होल्टेज पोहोचते का, ते पाहावे.

तक्रार आहे ती त्या एकुलत्या एका लाल दिव्याबद्दल. सिलिंडर रिकामा असो, इलेक्ट्रोडचे (बर्नरजवळच्या धातूच्या कांडीचे) चिनीमातीचे आवरण तडकलेले असो वा अर्थिंग सैल असो, दिवा तोच आणि तसाच लागतो. वेगवेगळ्या दोषांसाठी दिव्याच्या उघडझापीचे निरनिराळे संकेत देणारे कंट्रोल बॉक्स अनेक उपकरणांत असतात. इथे ती सोय का नसावी, हे कळत नाही. वायरिंगचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे खरा, पण तो इतक्या बारीक अक्षरांत छापलेला आहे की मोबाइलवर फोटो काढून मोठा केल्याशिवाय वाचता येत नाही.

सर्वांत फसवा दोष म्हणजे ज्योत व्यवस्थित पेटते आणि काही क्षणांत विझते. या हीटरमध्ये ज्योत ओळखण्यासाठी स्वतंत्र इलेक्ट्रोड आहे. ज्योतीतून इलेक्ट्रोड आणि बर्नर यांच्यामध्ये अगदी क्षीण प्रवाह वाहतो, आणि तो एकाच दिशेने अधिक वाहत असल्यामुळे कंट्रोल बॉक्सला ज्योतीची खूण पटते. हा प्रवाह काही मायक्रोॲम्पिअर इतकाच असतो, त्यामुळे इलेक्ट्रोडवर बसलेला पातळ थरही त्याला अडवायला पुरतो. वीज आणि वायू बंद करून इलेक्ट्रोड बारीक स्टील वूलने पुसावा. जाड पॉलिश पेपरने ओरखडे पडतात आणि त्यांत थर पुन्हा लवकर साचतो. प्रवाह मोजायचा झाल्यास मायक्रोॲम्पिअर डीसीवर लावलेला मीटर या इलेक्ट्रोडच्या वायरमध्ये सिरीजमध्ये, म्हणजे प्रवाह मीटरमधूनच जाईल असा, जोडावा. ज्या हीटरमध्ये ठिणगी आणि ज्योतीची जाणीव एकाच इलेक्ट्रोडवर असते, तिथे मात्र हे करू नये. ठिणगीच्या काही हजार व्होल्टमुळे मीटर जळू शकतो.

याच कारणाने हा हीटर जनरेटरवर रुसतो. क्षीण प्रवाहाला बर्नरकडून अर्थमार्गे न्यूट्रलला परतायचे असते, आणि जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल, तर ती वाटच उरत नाही. प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे झाले तरीही बऱ्याचदा हाच परिणाम दिसतो. ज्योत निळीशार, पंखा जोरात, तरी लाल दिवा. अशा वेळी नवा कंट्रोल बॉक्स आणण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून जोडणी तपासून घ्यावी. माहितीपुस्तिकेत याविषयी एका ओळीपलीकडे काही नाही, आणि ही त्रुटी मला दिव्यापेक्षाही मोठी वाटते.

काही दोष विजेचे भासतात आणि निघतात वायूचे. सिलिंडर फार गार झाला की आतल्या द्रवाचे वायूत रूपांतर मंदावते, दाब उतरतो आणि आखडलेली ज्योत इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचत नाही. सिलिंडरच्या अंगावर हिम साचलेले दिसले, तर मल्टिमीटर बाजूला ठेवावा. सिलिंडरची चावी झटक्यात उघडली, तर वायूचा जादा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह अडकून बसतो. ती बंद करून थोडे थांबून सावकाश उघडावी. वायूचा वास आला, तर यांपैकी काहीही तपासत बसू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता चावी बंद करावी आणि दारे उघडावीत.

अतिउष्णतेच्या स्विचचे रिसेट बटण मागच्या जाळीआड आहे, ही गैरसोय मी चालवून घेतो, कारण सहज हाताशी असलेले बटण माणूस कारण न शोधताच दाबत सुटतो. हा स्विच वायर लावून बायपास करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. जाळी चोंदल्यामुळे किंवा पंखा मंदावल्यामुळेच तो बहुधा ट्रिप झालेला, म्हणजे आपोआप बंद पडलेला असतो. इलेक्ट्रोड मात्र सुटा मिळत नाही, पट्टीसकट पूर्ण संचच घ्यावा लागतो. खरेदीपूर्वी विक्रेत्याला एवढे अवश्य विचारून घ्यावे.