‘प्रह्लाद’: राणांच्या राजवटीतले एक नेपाळी पद्यनाटक

बालकृष्ण सम यांचे ‘प्रह्लाद’ हे नाटक १९३८ साली प्रकाशित झाले, तेव्हा नेपाळची सत्ता वंशपरंपरेने पंतप्रधानपद सांभाळणाऱ्या राणा घराण्यातल्या जुद्ध शमशेर यांच्या हाती होती आणि परवानगीशिवाय पुस्तक छापता येत नसे. त्याआधी १९२० साली मक्याच्या शेतीवरच्या एका पुस्तकात राज्यकर्त्यांवर टीका दडली असल्याचा ठपका ठेवून लेखक कृष्णलाल अधिकारी यांना तुरुंगात टाकण्यात आले होते आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. शेतीचे पुस्तकसुद्धा जिथे संशयाच्या नजरेने वाचले जाई, तिथे मदांध राजाची कथा रंगभूमीसाठी निवडणे हे धाडसच होते. मात्र कथा पुराणातली, घराघरांत ठाऊक असलेली, त्यामुळे तिच्यावर थेट बोट ठेवणे अवघड. १९०७ सालचे खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आणि १९१० साली त्यावर आलेली सरकारी बंदी ज्यांना माहीत आहे, त्या मराठी वाचकाला पुराणकथेआडून सत्तेवर बोलण्याची ही वाट परिचित वाटेल.

समांचे खरे सामर्थ्य मला हिरण्यकशिपूच्या चित्रणात दिसते. हा राजा नुसता क्रूर नाही. भौतिक शक्ती आणि विज्ञान यांच्या बाजूने तो युक्तिवाद करतो, आणि त्याला उत्तर देणाऱ्या प्रह्लादाकडे आत्मबळ व अहिंसा यांपलीकडे कोणतेही शस्त्र नाही. सम स्वतः राणा घराण्यातच १९०३ साली जन्मले होते. सत्ता स्वतःचे समर्थन कसे करते, हे त्यांनी जवळून पाहिले असणार, म्हणूनच या राजाचे बोलणे पटण्याजोगे वाटते आणि म्हणूनच ते भयंकरही वाटते. गांधीविचाराची छाया प्रह्लादावर स्पष्ट आहे. तथापि, नाटकातला प्रत्येक प्रसंग दरबाराशी जुळवत बसल्यास विज्ञान आणि अध्यात्म यांचा मूळ वाद हातातून निसटतो, आणि तो वाद आजही जिवंत आहे.

उणीव सांगायची तर तत्त्वचर्चा काही ठिकाणी फार लांबते आणि नाट्य थबकते.

लिपी देवनागरी, शब्द बरेचसे तत्सम आणि छंद अनुष्टुभाच्या वळणाचा, यमकाविना वाहणारा. त्यामुळे शब्दकोश जवळ ठेवल्यास मराठी वाचकाला मूळ नेपाळीतूनच पुष्कळसे उमगेल. ते मोठ्याने वाचावे, आणि आपल्या नाट्यसंस्थांनी निदान पिता-पुत्रांच्या संवादांचे अभिवाचन जरूर करावे.