रनफ्लॅट उतरवले, साधे चढवले आणि डिकीत स्टेपनीच नाही: टायरच्या व्यवहारात गाडीमालक फसतात ते असे

टायरच्या व्यवहारातली सगळ्यात घातक फसवणूक दुकानातून निघताना लक्षात येत नाही. ती कळते सहा-आठ महिन्यांनी, अंधार पडल्यावर, घाटात. म्हणून आधी तिच्याबद्दल.

काही गाड्या कारखान्यातूनच रनफ्लॅट टायरवर येतात. बीएमडब्ल्यू आणि मिनीची बरीच मॉडेलं, मर्सिडीजची काही. या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, जाड रबराने मजबूत केलेली असते. हवा पूर्ण गेली तरी गाडीचं वजन ती पेलते आणि साधारण ८० किलोमीटरपर्यंत, ताशी ८० च्या आत राहून, गाडी नेता येते. या भरवशावर कंपनी अनेकदा डिकीत स्टेपनी देतच नाही. जॅक नाही, पाना नाही. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर नव्या मालकाला हे माहीतही नसतं. डिकीतलं कार्पेट उचलून कोणी बघितलेलंच नसतं.

टायर झिजले की दुकानदार म्हणतो, "साहेब, रनफ्लॅट कडक असतात, आपल्या रस्त्यांवर गाडी आपटते. साधे घाला, गाडी मऊ चालेल, पैसेही वाचतील." यात खोटं काही नाही. रनफ्लॅटची भिंत खड्ड्यात वाकत नाही, धक्का सरळ रिमला बसतो, अलॉय वाकतं किंवा तडकतं. साधे टायर लावणं बेकायदाही नाही. दडवलं जातं ते एवढंच, की त्या क्षणापासून पंक्चरवरचा गाडीतला एकमेव उपाय निघून गेला. महाबळेश्वर ते पुणे साधारण १२० किलोमीटर. रनफ्लॅटवरही हे अंतर एका दमात पुरं होत नाही, पण वाई किंवा साताऱ्यापर्यंत तरी नक्की पोहोचता येतं. साध्या टायरवर, स्टेपनीशिवाय, गाडी जिथे बसली तिथेच.

याहून वाईट प्रकार म्हणजे बिलात रनफ्लॅटची किंमत लावून गाडीला साधे टायर चढवणं. हे सहज खपतं, कारण त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच मापाचा टायर दोन्ही प्रकारांत मिळतो. फरक असतो साइडवॉलवरच्या दोन-चार अक्षरांचा. ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशलिनवर झेडपी, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ, डनलॉपवर डीएसएसटी. ही खूण नसेल तर तो टायर रनफ्लॅट नाही, दुकानदार काहीही सांगो. दोन खुणा हमखास चकवतात. एक, चांदणी: ती फक्त बीएमडब्ल्यूने तो टायर आपल्या गाडीसाठी मान्य केल्याचं सांगते, आणि चांदणीवाले साधे टायरही असतात. दुसरी मर्सिडीजची: एमओ म्हणजे कंपनीमान्य टायर, एमओई म्हणजे त्यातला हवेविना चालणारा. शेवटच्या त्या एका अक्षरावर सगळा व्यवहार फिरतो. 'सेल्फ-सीलिंग' टायरही रनफ्लॅट म्हणून गळ्यात मारले जातात. त्यांच्या आत चिकट थर असतो आणि तो खिळ्याचं लहान भोक बुजवतो. साइडवॉल फाटली, तर त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच चारही टायरच्या साइडवॉलचे फोटो काढा. माप, खूण आणि तारीख फोटोत यायला हवी. तारीख म्हणजे डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे: २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. टायर उलटा बसला की ते गाडीच्या आतल्या बाजूला जातात, मग कोणी वाकून बघत नाही. बिलावर 'टायर, ४ नग' एवढंच लिहून घेऊ नका. पूर्ण माप, नाव आणि रनफ्लॅट हा शब्द बिलावर हवाच. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो एक शब्दच हाताशी असतो.

साधेच टायर घ्यायचे ठरवलं असेल, तर त्याच दिवशी स्टेपनीची सोय करा. कोणतंही छोटं चाक चालत नाही. नटांच्या भोकांचं वर्तुळ, मधलं भोक आणि ब्रेकच्या कॅलिपरला न घासण्याइतकी रिमची जागा, ही तिन्ही जुळावी लागतात. चाकाला बोल्ट असतील, तर अलॉयचे बोल्ट पत्र्याच्या रिमला काही वेळा लांब पडतात आणि आतल्या भागाला लागतात. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीत हवाही साध्या टायरपेक्षा बरीच जास्त लागते. बऱ्याच स्टेपन्यांवर ६० पीएसआय लिहिलेलं असतं. तिची हवा वर्षभर कोणी बघत नाही, आणि ऐन वेळी ती वीसवर आलेली असते. लॉकनटची, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटाची, चावी गाडीत आहे का, हे टायरवाल्याकडून गाडी घेताना पाहा. ती परत ठेवायचं अनेकदा राहून जातं, आणि ती नसेल तर स्टेपनी असून नसल्यासारखीच.

"कायद्याने स्टेपनी लागतच नाही" असं सांगून विकणारे अर्धंच सांगतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये बदल झाला. ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर असतील, टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा म्हणजे टीपीएमएस असेल आणि पंक्चर काढायचं किट असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही. ही सूट टीपीएमएस आणि किट या दोन वस्तूंच्या बदल्यात आहे. शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना किट मागा आणि त्यातल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाच्या बाटलीवरची मुदत वाचा. ते द्रव काही वर्षांत निकामी होतं. आणि चालू असलं तरी रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातलं चार-सहा मिलिमीटरपर्यंतचं भोकच ते बुजवतं. साइडवॉलला चीर गेली की बाटली रिकामी करून उपयोग शून्य.

टीपीएमएसचा दिवा हीसुद्धा कमाईची जागा झाली आहे. टायर बदलल्यावर दिवा लागतो, आणि "सेन्सर गेला" म्हणून बिल येतं. स्क्रीनवर चारही चाकांची हवा वेगवेगळी, आकड्यांत दिसत असेल, तर चाकांत खरोखर सेन्सर आहेत. नुसता इशाऱ्याचा दिवा असेल, तर बहुतेकदा गाडी एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, मदतीने चाकांच्या फिरण्यातला फरक मोजत असते. अशा गाडीच्या चाकात सेन्सरच नसतो, मग बदलणार काय? हवा बरोबर भरून मेनूतून रीसेट केलं की काम होतं, तेही पाच मिनिटांत. गाडीच्या पुस्तिकेत ही कृती दिलेली असते.

"रनफ्लॅटचं पंक्चर निघतच नाही, चारही बदला" हे वाक्यही सरसकट स्वीकारू नका. दुरुस्तीबाबत प्रत्येक टायर कंपनीचं धोरण वेगळं आहे. काही सरळ नाही म्हणतात. काही अटी घालतात: भोक नक्षीच्या मधल्या भागात, ६ मिलिमीटरपेक्षा लहान, आणि टायर हवा नसताना चाललेला नसावा. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ती तपासायची तर टायर रिमवरून उतरवून आत बघावंच लागतं. आत काळा रबराचा भुगा पडला असेल किंवा भिंतीवर गोल काळपट वळ उमटला असेल, तर टायर गेला. त्यावर वाद नको. आतून स्वच्छ असेल, तर चार टायरचं बिल करणाऱ्याला लेखी कारण विचारा. एका एक्सलवरचे दोन बदलणं समजू शकतं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत नक्षीतला फरक फार चालत नाही, हेही खरं. बाकी गाड्यांना चारही टायर लागतातच असं नाही.

आता हायवे. ही फसवणूक बहुतेकांना ऐकून माहीत असते, तरी रोज कोणी ना कोणी तिला बळी पडतो, कारण तिथे गाडीमालक घाईत आणि भेदरलेला असतो. शेजारून जाणारा बाइकवाला हात करून सांगतो, मागचं चाक बसलंय. थोडं पुढे पंक्चरचं दुकान असतंच. माणूस अदबीने बोलतो, "तुम्ही गाडीतच बसा, ऊन आहे." चाक काढून आडोशाला नेतो, साबणाचं पाणी मारतो, हात फिरवतो. एक पंक्चर. मग दुसरं. मग चौथं, सहावं. त्याच्या बोटांत बारीक टोच्या लपलेला असतो. साबणाच्या फेसाखाली तो टोचला की खराखुरा बुडबुडा येतो, आणि मालकाला तोच दाखवला जातो. ट्यूबलेसची एक स्ट्रिप, म्हणजे भोकात कोंबायची रबरी पट्टी, शे-दीडशे रुपयांत बसते. इथे प्रत्येक भोकाचे दुप्पट-तिप्पट लावतात. आकडा वाढला की "टायरच गेला" म्हणून काळं पॉलिश मारलेला जुना टायर पुढे येतो.

यात पैशांहून मोठं नुकसान टायरचं आहे, आणि हे लोकांना कळत नाही याचं फार वाईट वाटतं. स्ट्रिप घालण्याआधी खरखरीत सळईने भोक रुंद करतात. त्यात नक्षीखालच्या पोलादी तारा तुटतात. एका खिळ्याने झालेलं एक भोक टायर सहन करतो. शेजारी-शेजारी पाच भोकं पाडली, आतून पाणी शिरून तारा गंजल्या, आणि असा टायर भर उन्हाळ्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० ने पळवला, तर नक्षीचा पट्टाच सुटू शकतो.

बचाव सोपा आहे, फक्त उभं राहावं लागतं. कोणी हात केला म्हणून लगेच थांबू नका. आधी टीपीएमएस बघा, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का ते बघा. तसं काही नसेल तर पुढच्या पेट्रोल पंपावर हवा तपासा. पंक्चर असेलच, तर चाक नजरेआड जाऊ देऊ नका. पहिली गोष्ट म्हणजे हवा ३५ पीएसआयपर्यंत भरायला सांगा आणि कोणतंही हत्यार लागण्याआधी, उघड्या तळहाताने साबणपाणी लावायला लावा. जिथे बुडबुडे येतील तिथे खडूने खूण करा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. आधी भाव, मग काम. खऱ्या पंक्चरमध्ये बहुधा खिळा, तार किंवा काच अडकलेली सापडते आणि भोकाच्या कडा मळलेल्या असतात. टोच्याचं भोक ताजं आणि स्वच्छ दिसतं. साइडवॉलवर किंवा टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल जुळते त्या कडेवर, स्ट्रिप मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. ती टिकत नाही. मधल्या भागातलं पंक्चरही घरी पोहोचल्यावर आतून मशरूम, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, बसवून पक्कं करून घ्या. चाक परत बसवल्यावर ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे.

रस्त्यावर सापडणारी प्रत्येक टोकदार वस्तू कोणी मुद्दाम टाकलेली असते असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावर छत्रपती संभाजीनगरजवळ रात्री गाड्यांचे टायर फुटले. खिळे ठोकल्याची बातमी पसरली. ते निघाले काँक्रीटचे तडे बुजवण्यासाठी बसवलेले ॲल्युमिनियमचे नोझल. अशा वेळी एकाच गाडीचे दोन टायर जातात. तेव्हा एक स्टेपनीही पुरत नाही, आणि रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात अडकलेल्या गाडीला जागेवर येऊन मदत करणारी सेवा, लागतोच.

तिथेही कागद वाचायला हवा. नव्या गाडीबरोबर कंपनीचा असिस्टन्स बऱ्याचदा असतो, विम्यात ॲड-ऑन म्हणून काहीशे रुपयांत तो पुन्हा मिळतो, आणि डीलर तिसरा प्लॅन 'कंपलसरी' म्हणून बिलात घालतो. तो सक्तीचा नसतो, काढायला सांगा. प्लॅन घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. स्टेपनी नसेल तर नेमकं काय करणार? कारण 'पंक्चर सेवा' म्हणजे बहुतेक ठिकाणी स्टेपनी बदलून देणं, पंक्चर काढणं नव्हे. टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट, आणि तेही जवळच्या गॅरेजपर्यंत की तुम्ही सांगाल तिथे? वर्षातून किती वेळा? जिथे नेलं त्या गावात रनफ्लॅट मिळतच नसेल, तर पुढच्या टोइंगचे पैसे तुमच्याच खिशातून जातात. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या विम्यात नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल, तरच टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत.

फोनवर असिस्टन्स विकणाऱ्यांना तुमचा गाडी नंबर आणि विमा संपायची तारीख ठाऊक असते, त्यामुळे विश्वास बसतो. पैसे भरले की सुबक पीडीएफ कार्ड येतं. संकटात त्यावरचा नंबर लागत नाही. ॲड-ऑन खरा असेल तर विम्याच्या पॉलिसीत त्याचं नाव छापलेलं असतं. तसंच रस्त्यात उभं राहून इंटरनेटवर 'टोइंग' शोधू नका. तिथे वर दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो. तो 'नोंदणीसाठी' पाच रुपयांची लिंक किंवा एखादं ॲप पाठवतो आणि खातं रिकामं होतं. असं झालं तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर केला तर पैसे पुढच्या खात्यात जातात. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, कुठेही जिवाचा धोका वाटला तर ११२. असिस्टन्सचा खरा नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. ताम्हिणीसारख्या घाटात रेंज जाते, तेव्हा कागद दुसऱ्याच्या हाती देऊन पुढच्या गावातून फोन करायला सांगता येतो.

टायरच्या दुकानाने फसवलं असेल तर आधी दुकानाला लेखी कळवा, फोटो जोडा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तोवर ते टायर विकू किंवा बदलून टाकू नका. बदलावेच लागले, तर उतरवलेले घरी ठेवा, कारण साइडवॉलवरची ती अक्षरंच तुमचा पुरावा आहेत.