हाफ पॅनची डबी आणि वॉटर ब्रश, घरात लहान मूल असताना: आठ महिन्यांनंतर

वॉटरकलरची ही डबी (हाफ पॅन म्हणजे वाळलेल्या रंगाच्या छोट्या वड्या) घेतली तेव्हा पोरगी दहा महिन्यांची होती, आता दीड वर्षाची. म्हणजे डबीची परीक्षा नीट झालीये.

आधी मी ॲक्रिलिकवाली. रंग काढून बसायचं आणि दोन-तीन तास जागचं हलायचं नाही. बाळ झाल्यावर दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा रंग काढून होतायत तोवर आत भोकाड, तासाभराने परत येऊन बघते तर पॅलेटवर रंगाचं प्लास्टिक झालेलं आणि ब्रशची काडी. वॉटरकलर डिंकात बांधलेला असतो, वाळला तरी पाण्याचा हात लागला की परत सुटतो. एवढ्या एका कारणासाठी ही डबी घेतली आणि तेवढ्या बाबतीत तिने एकदाही दगा दिला नाही.

बारा हाफ पॅन आहेत, एकेकात साधारण २ मिली रंग. आठ महिन्यांत फक्त अल्ट्रामरीनचा (निळा) तळ दिसला, बर्न्ट सिएना (तपकिरी) अर्धा, बाकीचे जवळपास तसेच. यावरून मी किती रंगवते ते कळलंच असेल. "बाळ झोपलं की तूही झोप" म्हणणारे भेटतात, झोपते ना, पण रोज नाही.

एक गोष्ट अनुभवानेच कळली. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, अर्धवट ओला असताना उठावं लागतं, परत आलं की हात शिवशिवतो आणि आपण तिथेच ओला ब्रश टेकवतो, झालं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडा उमटतात. तीन चित्रं अशी घालवली. आता उठले की त्या थराला हातच लावत नाही, पूर्ण वाळू देते. तसंही वरचा थर द्यायला खालचा वाळावाच लागतो, मग एका झोपेत एक थर, तीन झोपांत एक चित्र. कागद ए६ (पोस्टकार्डाएवढा), ३०० जीएसएम म्हणजे जाड, त्यापेक्षा मोठा घेतला तर पुरा होत नाही.

वॉटर ब्रशबद्दल मात्र मत मिक्स. पाणी दांडीतच असल्यामुळे ग्लास लागत नाही आणि रांगणारं पोर असलेल्या घरात हा फायदा केवढा ते सांगायला नको. पण दांडी जरा जास्त दाबली गेली की टपकन थेंब पडतो, गडद रंग जमता जमत नाही कारण आतून पाणी येतच राहतं. मी दुसऱ्या हातात तिचं जुनं लंगोट धरते, दर फटकाऱ्याला टिपायचं. आकाश मात्र साध्या ब्रशनेच.

आता तक्रारी. डबी ओली बंद केली की बुरशी येते, मी दोन आठवडे तशीच ठेवली होती, उघडली तर पांढरे ठिपके, एक पॅन फेकावा लागला. आता रात्रभर फ्रिजवर उघडी राहते. दुसरं म्हणजे पॅन निसटतात, आणि हे सीरियस आहे. एकदा एक पॅन तिच्या मुठीत सापडला, तोंडाच्या वाटेवर. घशात अडकायची भीती तर आहेच, शिवाय आर्टिस्ट ग्रेडमध्ये, म्हणजे व्यावसायिक दर्जाच्या रंगांत, कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो, वेष्टनावर पिगमेंटचा कोड असतो तो बघा, पीवाय ३५ किंवा पीआर १०८ म्हणजे कॅडमियम. माझ्यातले असे दोन्ही काढून टाकले, बाकीचे खाली डबल टेप लावून चिकटवले. थॅलो ब्लू या गडद निळ्यापासून कपडे लांब ठेवा, तिच्या एका फ्रॉकवरचा डाग अजून आहे, अल्ट्रामरीनचा मात्र निघाला.

परत घेईन का? डबी, डोळे झाकून. वॉटर ब्रश खरं तर दुसराही घेतलाय, तिच्यासाठी, नुसतं पाणी भरून, फरशीवर ओढत बसते, वाळलं की परत. त्याचं टोक आठवड्यात झाडूसारखं पसरलं, पण तो दोष कंपनीचा धरत नाही.