दहा वर्षांची वॉरंटी आणि आत पॅकिंगचा फोम: गादी घेताना आमची झालेली फसवणूक

गादी घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा, आणि घरात कंबरदुखीचं माणूस असेल, दुकानात "ऑर्थोपेडिक" शब्द ऐकून पैसे काढायच्या तयारीत असाल तर नक्कीच वाचा. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण सासूबाईंच्या कमरेचे जे हाल झाले त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

आमच्याकडे गाद्या बसायचा त्रास जुनाच. लग्नात आलेली काथ्याची गादी होती, तिचा काथ्या मधे तुटून तुटून भुसा झाला आणि झोपलं की खालची प्लाय लागायची. मग एक मऊ फोमची घेतली, तिला वर्षाच्या आतच दोन माणसांचे दोन खड्डे पडले आणि मधे उंचवटा. सासूबाई सकाळी उठल्यावर भिंतीला धरून उभ्या राहायच्या, तेव्हा ठरवलं की आता पैसे जास्त गेले तरी चालतील पण टिकाऊ गादी घ्यायची.

शहरातलं नावाजलेलं दोन मजली शोरूम, एसी, कॉफी वगैरे सगळं. सेल्समनने आईंना, म्हणजे सासूबाईंना, खुर्ची दिली, पाणी दिलं, "आजी, तुमच्यासाठीच आहे ही, आमची डॉक्टर गिऱ्हाइकंसुद्धा हीच नेतात" असं गोड बोलून काउंटरवर गादीचा एक कापलेला नमुना ठेवला. त्यात खाली चार इंच रीबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवलेला तो घट्ट फोम असतो तो, आणि वर दोन इंच चांगला फोम. हाताने दाबून बघितलं, एकदम भक्कम. एमआरपी ३८,००० आणि सेलमधे १४,५०० ला, दहा वर्षांची वॉरंटी, वरून दोन उशा फ्री. साइझ ७८ बाय ७२, सहा इंच. बिलावर मात्र फक्त "मॅट्रेस ७८×७२×६, नग १" एवढंच, आत कुठला फोम, किती डेन्सिटीचा (म्हणजे किती दाट), कुठला थर किती इंच, एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणे, "ताई, ते सगळं वॉरंटी कार्डात येतं." कार्डातही नव्हतं.

गादी आली तेव्हा एका पोराने ती दोन घडी घालून एकट्याने डोक्यावर घेतली आणि जिन्याने तीन मजले वर आणून टाकली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा उलगडा त्यावरूनच झाला.

काही महिन्यांतच आईंच्या बाजूला खड्डा दिसायला लागला. डोक्याची बाजू पायाला केली, पालथी घालून बघितली, पण खड्डा काही जाईना. तक्रार केली, दुकान म्हणे कंपनीशी बोला, कंपनी म्हणे डीलरकडून या, अशी बरीच टोलवाटोलवी झाल्यावर एक माणूस तपासायला आला. आधी म्हणाला तुमच्या पलंगाची प्लाय वाकलीय. नवऱ्याने गादी उचलून प्लायवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून दाखवली, प्लाय सरळसोट. मग त्याने गादीवर दोरी धरली आणि खोली मोजली, पण मोजायच्या आधी त्याने काय केलं ते नीट वाचा. खड्ड्याच्या जागी कव्हर चिमटीत धरून वर ओढून मोकळं केलं, आणि दोरी धरताना दोन्ही कडांवर तळहाताने दाब दिला. म्हणजे कडा खाली गेल्या, मधलं कापड वर आलं, खड्डा आपोआप कमी. आकडा आला २२ मिलिमीटर. कार्डावर बारीक अक्षरात होतं की २५ मिलिमीटरच्या वर असेल तरच दोष धरणार, त्याच्या आतलं सगळं "नॉर्मल बॉडी इम्प्रेशन". आमच्या डोळ्यांदेखत केलेली धूळफेक होती ही.

आम्ही त्याला कडा सोडायला लावल्या, परत मोजायला लावलं आणि या वेळी व्हिडिओ काढला. आकडा वाढला आणि बऱ्याच भांडणानंतर गादी बदलून मिळाली. ती दुसरीसुद्धा तशीच बसली! परत गेलो तर आता नियम वेगळा. बदलून दिलेल्या गादीला नवीन वॉरंटी नाही, पहिल्या बिलाच्या तारखेपासूनच मोजणार, आणि दोन वर्षं होऊन गेल्यामुळे आता बदलून हवी असेल तर चालू एमआरपीच्या ४० टक्के आम्ही भरायचे. ३८,००० चे ४० टक्के म्हणजे १५,२००. अहो, अख्खी नवी गादी १४,५०० ला घेतली होती आम्ही! शिवाय न्यायचा-आणायचा टेम्पो आमच्या खर्चाने. म्हणजे ती दहा वर्षांची वॉरंटी दोन वर्षांनंतर कागदावरच राहते, एमआरपी मुद्दाम फुगवून ठेवलेली असते ती डिस्काउंट मोठा दाखवायला आणि नंतर वॉरंटीत तुमच्याकडूनच पैसे काढायला. दुकानात सेलच्या बोर्डाकडे बघताना हे कोणाच्या डोक्यात येणार?

कव्हर उसवलं तर वॉरंटी रद्द, असंही कार्डावर आहे. आत काय भरलंय ते कोणी बघूच नये म्हणूनच ही अट घालतात असं माझं स्पष्ट मत आहे. आता वॉरंटीत काही दम उरलाच नव्हता म्हणून गादी रिक्षा टेम्पोत टाकून आमच्या भागातल्या जुन्या गादी कारखान्यात नेली. तिथले काका पूर्वी कापूस पिंजायचे, आता फोमचंही काम करतात. त्यांनी उचलून बघितली आणि उसवायच्या आधीच म्हणाले, "ताई, यात रीबॉन्डेड नाही. असती तर मला एकट्याला उचलली नसती, आणि अशी घडी तर पडलीच नसती."

नवऱ्याने व्हिडिओ सुरू केला आणि काकांनी ब्लेडने शिलाई उसवली. चारही कडांना तीन बोटं रुंदीची रंगीबेरंगी रीबॉन्डेड फोमची पट्टी चिकटवलेली, चौकटीसारखी. म्हणजे कोणी कडेने दाबून बघितलं किंवा कोपऱ्यात थोडं उसवलं तरी तेच दिसणार जे दुकानात नमुन्यात दाखवलं होतं. आणि त्या चौकटीच्या आत? पांढऱ्या शीट, एकावर एक. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पॅकिंगचा फोम, ज्याला ईपीई म्हणतात. वर जेमतेम इंच दीड इंच साधा मऊ फोम. जिथे आई झोपायच्या तिथे त्या पांढऱ्या शीट चपट्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. काकांनी एक शीट बोटाने दाबून सोडली, वळ तसाच राहिला. त्या शीटमधे बंद फुगे असतात, अंगाच्या वजनाखाली रोज रात्री ते दाबले जातात, हवा निघून जाते आणि शीट परत वर येत नाही. बाजू बदला, उलटी करा, काही उपयोग नाही. आईंनी तो व्हिडिओ बघितला आणि नुसतं एवढंच म्हणाल्या, "मला वाटत होतं माझंच वय झालं." मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

भंगारवाल्याच्या काट्यावर गादी टांगली, वजन १९ किलो. आता हिशोब बघा, हा हिशोब कोणालाही घरी करता येतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ७८ बाय ७२ च्या गादीचा एक इंचाचा थर म्हणजे साधारण ०.०९२ घनमीटर. ४० डेन्सिटीचा फोम असेल तर त्या एका इंचाचं वजन पावणेचार किलोच्या जवळ, ३२ डेन्सिटीचा असेल तर तीन किलोच्या आसपास. रीबॉन्डेड ९० डेन्सिटीचा धरला तर इंचाला सव्वाआठ किलो, चार इंचाचे झाले ३३ किलो, वर दोन इंच ४० डेन्सिटीचे सात किलो. म्हणजे आम्हाला जी गादी सांगितली होती ती कमीत कमी ४० किलोची हवी होती! निम्मं वजनही नाही भरलं. दुकानात उभं राहून मोबाइलवर दोन मिनिटांत होणारं गणित आहे हे, आणि दुकानदाराला ते माहीत असतं.

पण नुसत्या वजनावरही जाऊ नका, कारण काही फोममधे वजन वाढवायला खडूची पूड मिसळलेली असते. कापलेली कड जोरात चोळली आणि पांढरी भुकटी हाताला लागली, चुरा पडला, तर तो फोम नको. आणि डेन्सिटी वेगळी, कडकपणा वेगळा. हलका फोमसुद्धा कडक बनवता येतो, तो दुकानात दाबून बघितला की भक्कम वाटतो आणि वर्षभरात बसतो. "ऑर्थोपेडिक" शब्दाला तर अजिबात भुलू नका, तो लेबलवर छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही.

शेवटी आम्ही गादी त्याच काकांकडून डोळ्यासमोर भरून घेतली, खाली रीबॉन्डेड, वर ४० डेन्सिटी, कव्हरला तिन्ही बाजूंनी चेन, आणि बिलावर प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी लिहून. चेन उघडून आतलं बघू देत नसतील, बिलावर थर लिहून देत नसतील, तर तिथून सरळ उठा, शोरूम कितीही मोठं असो. कोणाला परवडत असेल, उचलायला घरात माणसं असतील, तर कापसाची गादी पण वाईट नाही, बसली की पिंजून परत भरता येते, फोमचं तसं होत नाही.

आता तक्रारीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण त्यांना कंपनीला आदेश देता येत नाही, त्यामुळे तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असलं तरी, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही भरता येते. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची, म्हणून कंपनी "बघतो, कळवतो" करत वेळ काढते तेव्हा थांबू नका. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असलं तरी घाबरू नका, सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच त्या कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. आणि उसवलेली गादी टाकून देऊ नका, आयोग नमुना लॅबला पाठवू शकतो. आमची गॅलरीत प्लॅस्टिकमधे बांधून ठेवलीय, जागा अडते पण असू दे.

हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर दुकानातून लगेच फोन आला, जो माणूस आधी फोन उचलत नव्हता तोच "ताई, आपण घरच्या घरी मिटवू" म्हणायला लागला. निम्मे पैसे देतो, आधी "तक्रार मिटली" असं लिहून सही करून पाठवा म्हणे. आम्ही नाही दिली. पूर्ण १४,५०० खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय देणारही नाही, आयोगात जायचे कागद तयार आहेत. तुम्हाला असा फोन आला तर बोलणं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या आणि पैसे यायच्या आधी कुठल्याही कागदावर सही करू नका.